किल्ल्यावरील बराकी

शताब्दी ग्रंथासाठी ग्वाल्हेरच्या इतिहासावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा जे विषय माझ्या मनात आले, ते कोणाच्याही मनात आले असते. महादजी शिंदे, बायजाबाई, फूलबागेतील राणी लक्ष्मीबाईंची समाधी, ग्वाल्हेर घराण्याची गायकी. या साऱ्यांवर आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत पुष्कळ काही आहे आणि माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी ते लिहिलेले आहे. म्हणून मी विषय घेतला तो थोडा आडवाटेचा. आपल्या किल्ल्यावर मानसिंहाचा महाल आहे, सास-बहू मंदिरे आहेत, तेलीचे मंदिर आहे, आणि यांच्या मधल्या सपाटीवर लांबट, सरळ, व्हरांड्यांच्या काही जुन्या इमारती आहेत. वाटाडे त्यांच्याविषयी फारसे बोलत नाहीत. त्या इंग्रज फौजेच्या बराकी होत.

लहानपणी आजोबांचे बोट धरून मी किल्ल्यावर जात असे. आजोबा शिंदेशाहीत दफ्तरात कारकून होते. किल्ल्यातील प्रत्येक दगडाची कथा त्यांना ठाऊक होती आणि ती ते रंगवून सांगत. मात्र या इमारतींपाशी आलो की, "तिथे पूर्वी गोरे राहायचे," एवढे एकच वाक्य उच्चारून ते चालू लागत. त्यांचे ते पुढे चालू लागणे मला तेव्हा कळले नव्हते. आज, पन्नाशी उलटल्यावर, थोडेसे कळते असे वाटते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला १८५८ ते १८८६ ही अठ्ठावीस वर्षे सांगणे अवघड जाते. १८५८ च्या जूनमध्ये आपली कथा राणीच्या समाधीपाशी थांबते आणि मग एकदम माधवराव महाराजांच्या रेल्वे, कालवे, शाळा यांपासून पुन्हा सुरू होते. मधल्या काळात राजधानीच्या डोक्यावर परक्यांची फौज बसलेली होती. त्या फौजेचे घर म्हणजे या बराकी.

आधी शब्दाविषयी दोन शब्द. भाषेच्या शिक्षकाला ही खोड क्षम्य मानावी. 'बरॅक' हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला आणि फ्रेंचांकडे तो दक्षिण युरोपातील भाषांतून आला. मूळ अर्थ साधा आहे : झोपडी, तात्पुरता निवारा. मोहिमेवरील शिपायाने चार काठ्या रोवून उभे केलेले छप्पर. पुढे तो शब्द दगडी इमारतींना चिकटला. आपल्याकडे त्याचे 'बराक' झाले, अनेकवचनी 'बराकी' झाले आणि तुरुंगातही तो शब्द गेला. आता याच्या शेजारी आपल्या शहराचे नाव ठेवून पाहावे. लष्कर! दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला. उज्जैनीहून आलेली ती छावणी पुढे उठलीच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, घोड्यांच्या पागांच्या जागी पेठा आल्या, पण नाव राहिले ते 'लष्कर'. आपण सारे एका छावणीची प्रजा आहोत. म्हणजे किल्ल्याच्या माथ्यावर एक छावणी आणि पायथ्याशी दुसरी, असे हे चित्र होते. खालच्या छावणीचे गाव झाले; तिच्यात देवळे, गाण्याच्या बैठका, लग्नकार्ये आणि पुढे वाचनालये आली. वरची छावणी अखेरपर्यंत छावणीच राहिली.

किल्ल्याचा हा इंग्रजांशी पहिला संबंध नव्हे. १७८० च्या ऑगस्टमध्ये मेजर पॉफमच्या तुकडीने रात्रीच्या अंधारात कडा चढून तो घेतला होता आणि गोहदच्या राण्याच्या स्वाधीन केला होता. महादजींनी १७८३ साली तो परत मिळविला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८०४ साली, तो पुन्हा गेला आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने पुन्हा आला. हे येणे-जाणे दोन सत्तांमधील लढाईचे होते. जिंकणारा जिंके, हरणारा हरे. पुढे जे घडले त्याची जात निराळी आहे.

१८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा पत्नी ताराबाई वयाने जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. त्यांनी भागीरथराव नावाच्या मुलाला दत्तक घेतले, हेच जयाजीराव. कारभार कोणी पाहावा यावरून मामासाहेब कदम आणि दादा खासगीवाले यांच्यात चुरस लागली. ताराबाईंचा कौल दादांकडे, इंग्रजांचा मामासाहेबांकडे. शेजारी पंजाबात शिखांची बलाढ्य फौज उभी असताना ग्वाल्हेरातही तशीच एक मोठी, कवायती, आपल्याच सरदारांना न जुमानणारी फौज असावी, हे गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोला परवडणारे नव्हते. तो स्वतः फौजेबरोबर चंबळ उतरला. १८४३ च्या २९ डिसेंबरला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या : महाराजपूरला सर ह्यू गफविरुद्ध आणि पनिहारला ग्रेविरुद्ध. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले, तोफा सोडून पळाले नाहीत, हे इंग्रजांनीही मान्य केले आहे. दोन्ही ठिकाणी पराभव झाला.

त्यानंतर १८४४ च्या जानेवारीत जो तह झाला, त्यात बराकींचे बी आहे. शिंद्यांची स्वतःची फौज नऊ हजारांवर आणण्यात आली. त्यात पायदळ केवळ तीन हजार आणि तोफा बत्तीस. उलट इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील 'ग्वाल्हेर कंटिंजंट' वाढवून सुमारे दहा हजारांची करण्यात आली. तिचा खर्च शिंद्यांच्या मुलुखाच्या उत्पन्नातून, हुकूम मात्र इंग्रजांचा. या फौजेची छावणी मुरारला पडली आणि किल्ल्यावर तिचाच पहारा बसला. धनी आपला, पगार आपला, आणि शिपाई दुसऱ्याचा, असा हा विलक्षण बंदोबस्त होता. तेरा वर्षे तो टिकला.

मग १८५७ आले. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी उत्तरेकडे निघाले होते, हे आपल्या सभासदांना सांगावयास नको; 'माझा प्रवास' या ग्रंथालयातून पिढ्यानपिढ्या वाचला गेला आहे. बायजाबाईंच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने निघालेल्या या गरीब ब्राह्मणाला होऊ घातलेल्या बंडाची बातमी कोठे लागली? महूच्या छावणीपाशी, शिपायांच्या तोंडून. छावण्या इंग्रजांनी बांधल्या त्या मुलुख ताब्यात ठेवण्यासाठी. परंतु हजारो शिपाई एका ठिकाणी निजू-उठू लागले की बातमीही तेथेच शिजते. मुरारलाही तसेच झाले. १४ जून १८५७, रविवार. कंटिंजंटचे शिपाई उठले, काही इंग्रज अधिकारी मारले गेले, उरलेले स्त्री-पुरुष आग्र्याकडे निसटले. पुढे हीच कवायती फौज तात्या टोप्यांनी आपल्याकडे वळविली आणि नोव्हेंबरात कानपुराजवळ जनरल विंडहॅमला तिने मागे रेटले. ज्यांना इंग्रजांनी शिकविले त्यांनीच त्यांना तो धडा दिला.

१ जून १८५८ चा दिवस ग्वाल्हेरच्या इतिहासात सर्वांत कठीण. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे काल्पीच्या पराभवानंतर ग्वाल्हेरवर चालून आले. तेविशीतील जयाजीराव फौज घेऊन मुरारच्या पुढे बहादूरपूरपाशी उभे राहिले. लढाई अशी झालीच नाही. महाराजांच्या खाशा स्वारांखेरीज बहुतेक फौज समोरच्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याला निघून गेले. किल्ला उघडला गेला. या प्रसंगी जयाजीरावांनी काय करावयास हवे होते, यावर आपल्या घराघरांत वाद झालेले आहेत आणि पुढेही होतील. मी त्यांचा वकील नाही. परंतु या लेखाच्या ओघात एक गोष्ट नोंदविली पाहिजे : इंग्रजांशी त्यांनी राखलेल्या इमानाची पावती काय मिळाली, ते पुढील अठ्ठावीस वर्षे किल्ल्याच्या माथ्यावर लिहिलेले होते.

सर ह्यू रोज १६ जूनला मुरारला पोहोचला. १७ जूनला कोटा-की-सराय येथील चकमकीत राणी घायाळ होऊन पडल्या. ग्वाल्हेरात आपण त्यांचा बलिदान दिवस १८ जूनला पाळतो. १९ ला लष्कर शहर पडले. किल्ला तेवढा राहिला होता. त्यातून मूठभर माणसे तोफा डागत होती. २० जूनच्या पहाटे लेफ्टनंट रोज आणि लेफ्टनंट वॉलर हे दोन तरुण अधिकारी पंचविसाव्या मुंबई पलटणीचे काही शिपाई आणि एक लोहार बरोबर घेऊन दरवाजांपाशी गेले. लोहाराने एकेक दार फोडले. शेवटच्या झटापटीत लेफ्टनंट रोज मारला गेला, आतील सारे लढता लढता मेले, आणि किल्ला इंग्रजांचा झाला. मुंबई फौजेच्या पलटणींत कोकणातील आणि देशावरील शिपाई मोठ्या संख्येने असत, हे येथे ध्यानात घेतले म्हणजे मन चमत्कारिक होते. बचाव करणाऱ्यांच्या बाजूस पेशव्यांचे निशाण. दारे फोडणाऱ्यांतही त्या पहाटे कोणी मराठी बोलत असेल.

जयाजीरावांना गादी परत मिळाली. किल्ला मिळाला नाही. मुरारची छावणीही मिळाली नाही. १८६० च्या तहाने त्यांना पायदळ तीन हजारांवरून पाच हजारांपर्यंत नेण्याची आणि तोफा बत्तिसांच्या छत्तीस करण्याची मुभा देण्यात आली. निष्ठेच्या तराजूत चार तोफा! जुनी कंटिंजंट इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी इंग्रजांची स्वतःची फौज आली. त्याच सुमारास, १८६१ साली, झाशीचे शहर आणि किल्ला शिंद्यांना देण्यात आला. ज्या झाशीसाठी राणी लढल्या, ती झाशी त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत ग्वाल्हेर दरबारच्या पदरात पडली. ही बक्षिसी स्वीकारताना जयाजीरावांच्या मनात काय आले असेल, ते कागदांत सापडत नाही. झाशीचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल.

आता प्रत्यक्ष बराकींकडे वळू. १८५७ पूर्वी गोऱ्या शिपायाची व्यवस्था बहुधा कशीबशी लावलेली असे. बंडानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे प्रमाण. बंगाल फौजेत दोन देशी शिपायांमागे एक गोरा असावा, आणि तोफखाना तर जवळजवळ सर्वस्वी गोऱ्यांच्याच हाती राहावा, असे ठरले. त्यामुळे हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या शिपायांची संख्या एकदम वाढली. दुसरी गोष्ट मृत्यूची. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी केली आणि १८६३ साली अहवाल दिला. त्यातील एक आकडा इंग्लंडात फार गाजला : येथील गोऱ्या शिपायांमध्ये दरवर्षी हजारी ६९ मरत आलेले होते. लढाईत नव्हे, पटकीने, हगवणीने, तापाने. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता छावण्याछावण्यांतून आलेली माहिती वाचून काढली आणि शिपायाला मारणारा शत्रू म्हणजे त्याचे राहण्याचे ठिकाण, त्याचे पाणी आणि त्याची गटारे आहेत, हे सरकारच्या गळी उतरविले.

त्या विचारातून जी इमारत जन्माला आली, ती देशभर आपण पाहतो. उंच जोते, म्हणजे जमिनीतील ओल वर चढू नये. उंच छत, म्हणजे माणशी ठरावीक हवा मिळावी. दोन्ही बाजूंना रुंद व्हरांडे, म्हणजे भिंतींना ऊन लागू नये. समोरासमोर दारे, म्हणजे वारा आरपार जावा. दोन इमारतींमध्ये भरपूर मोकळी जागा, म्हणजे एकीतील रोग दुसरीत जाऊ नये. आपल्या किल्ल्यावरील बराकीही याच वळणाच्या आहेत. त्यांच्यात शोभा नाही, नक्षी नाही, पण ग्वाल्हेरच्या मे महिन्यात त्यांच्या व्हरांड्यात उभे राहून पाहावे. बांधणाऱ्याला उन्हाचे गणित ठाऊक होते. या गणिताचा लाभ देशी शिपायाला मात्र मिळत नसे. तो आपल्या भत्त्यातून उभारलेल्या झोपड्यांच्या रांगांत राही. हा भेद छावणीच्या नकाशातच आखलेला असे.

मोकळ्या जागेची ही गरज किल्ल्याला महागात पडली. सपाटीवर जागा होती, पण ती रिकामी नव्हती. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या या माथ्यावर हजार-दीड हजार वर्षे माणसे राहिली होती, त्यांनी देवळे, वाडे, तळी, तटबंद्या बांधल्या होत्या. हूण राजा मिहिरकुलाच्या काळी येथे सूर्यमंदिर उभारल्याचा शिलालेख आहे. १०९३ सालचा लेख सास-बहू मंदिरात आहे. खालच्या वाटेवरील चतुर्भुज मंदिरातील ८७६ सालच्या लेखात कोरलेले शून्य तर आता जगभरचे गणिती पाहायला येतात. बराकींसाठी आणि कवायतीच्या मैदानासाठी सपाटी साफ करताना जुन्या वास्तूंची बरीच पाडापाड झाली. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात किल्ल्यावर आला होता. इंग्रजांच्या हातून चाललेला हा विध्वंस पाहून तो चिडला, आणि ती चीड त्याच्या प्रवासवर्णनात उमटली आहे. परक्या सत्तेचा विध्वंस दुसऱ्या परक्याने नोंदवावा आणि आपल्यापैकी कोणी नोंदवू नये, हे मला नेहमी बोचत आले आहे. आपण खाली लष्करात राहत होतो. वर जाण्यासाठी परवाना लागत असणार, हे मान्य. तरी सुरुंगांचे आवाज तर ऐकू येत असतील.

विध्वंस करणारे हात आणि जतन करणारे हात एकाच सरकारचे होते, हेही सांगितले पाहिजे; नाहीतर लेख एकांगी होईल. अलेक्झांडर कनिंगहॅम, ज्यांना भारतीय पुरातत्त्वाचे जनक म्हणतात, ते १८४४ नंतर ग्वाल्हेरात इंजिनिअर होते. सास-बहू मंदिरात साचलेला राडारोडा त्यांनी काढविला आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या अहवालात किल्ल्याचे सविस्तर वर्णन केले. १८८० नंतर मेजर कीथ नावाचा अधिकारी तेलीच्या मंदिराच्या आणि इतर वास्तूंच्या डागडुजीमागे लागला. फौजेने ज्या सपाटीवर कुदळ चालविली, त्याच सपाटीवर फौजेचाच एक मेजर पडलेले दगड वेचून पुन्हा बसवीत होता. ग्वाल्हेरच्या पाथरवटांवर या कीथचा मोठा जीव. त्यांना काम मिळावे म्हणून त्याने त्यांच्याकडून एक भव्य नक्षीदार दरवाजा कोरवून घेतला. तो १८८३-८४ च्या कलकत्ता प्रदर्शनात उभा राहिला आणि महाराजांची भेट म्हणून लंडनला गेला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो आजही आहे. ग्वाल्हेरच्या कारागिरांनी कोरलेला हा दरवाजा पाहायचा तर सातासमुद्रापलीकडे जावे लागते.

जयाजीराव या काळात काय करीत होते? ते खालून वर पाहत होते. १८७४ साली त्यांनी जयविलास राजवाडा पुरा केला. मायकेल फिलोझने युरोपीय धाटणीवर बांधलेला तो अवाढव्य पांढरा महाल परदेशी पाहुण्यांना दिपविण्यासाठी होता, असे आपण म्हणतो. असेलही. पण राजवाड्याच्या मोकळ्या अंगणातून मान वर करून पाहिले की समोर किल्ला येतो, आणि त्या काळी त्या किल्ल्यावर दुसऱ्याचे निशाण होते. राजा झुंबरांखाली बसलेला आणि त्याच्या राजधानीवर रोखलेल्या तोफा दुसऱ्याच्या ताब्यात! जयाजीरावांना फौजेचे वेड होते. स्वतः घोड्यावर बसून कवायत घेण्यात ते तासन्‌तास घालवीत. तहाने ठरवून दिलेल्या पाच हजारांची कवायत. किल्ला परत मिळावा हा ध्यास त्यांनी कधी सोडला नाही. दर व्हाइसरॉयच्या काळात तो विषय या ना त्या वाटेने निघतच राही.

याच संदर्भात गंगाजळीची दंतकथा आपल्याकडे सांगतात. शिंद्यांचा मोठा खजिना किल्ल्यातील तळघरांत दडविलेला होता, इंग्रज फौज अठ्ठावीस वर्षे त्याच्यावर पहारा देत बसली आणि तिला त्याचा पत्ता लागला नाही. वाट ठाऊक असलेले एकटे जयाजीराव. ते वर जाऊ शकत नव्हते. कथेत मीठमसाला बराच मिसळला आहे. मात्र किल्ल्यात खजिना होता आणि जयाजीरावांच्या पश्चात तो बाहेर काढला गेला, एवढा गाभा खरा आहे. आपल्या आज्या ही कथा सांगताना गोऱ्या पहारेकऱ्याची नक्कल करीत. राजाला जे बोलता येत नव्हते ते प्रजा गोष्टीच्या रूपाने बोलून घेत होती.

अखेर १८८६ साली, लॉर्ड डफरिनच्या कारकिर्दीत, किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत मिळाली. फुकट मिळाली नाही. तिच्या बदल्यात झाशीचे शहर आणि किल्ला इंग्रजांना द्यावा लागला आणि वर पंधरा लाख रुपये मोजावे लागले. राणीची झाशी १८६१ मध्ये बक्षीस म्हणून आली होती, ती १८८६ मध्ये मोबदला म्हणून गेली. दोन्ही वेळा झाशीकरांना कोणी विचारले नाही. इंग्रज एकदम उदार झाले, असे समजण्याचे कारण नाही. डोंगरावरच्या तटबंदीची किंमत नव्या तोफांपुढे उतरली होती. तीस वर्षांत दुसरे बंड झाले नव्हते. आणि त्याच सुमारास इंडियन मिडलंड रेल्वेची आखणी चालू होती. झाशी हे तिचे मोठे नाके होणार होते. फौजेला आता उंच कडा नको होता, लोहमार्गाचा सांधा हवा होता. माझ्या मते इंग्रजांनी निरुपयोगी होत चाललेला किल्ला विकला आणि उपयोगी पडणारे शहर घेतले. जयाजीरावांना हे कळत नसेल असे नाही. तरी त्यांनी तो सौदा केला, कारण त्यांना किल्ला सौद्यासाठी नको होता.

तो त्यांना फार काळ लाभला नाही. काही महिन्यांतच, २० जून १८८६ रोजी, ते वारले. वय पन्नाशीच्या आसपास. लोहाराने दरवाजे फोडले तोही २० जूनच होता. मध्ये बरोबर अठ्ठावीस वर्षे. इतिहासाच्या शिक्षकाने अशा योगायोगांवर भर देऊ नये म्हणतात. मी भाषेचा शिक्षक आहे.

गादीवर आलेले माधवराव तेव्हा नऊ वर्षांचे होते. बराकी रिकाम्या झाल्या. आता त्यांचे काय करावयाचे? अपमानाची खूण म्हणून त्या पाडून टाकता आल्या असत्या. पाडल्या असत्या तर गेलेल्या वास्तू परत आल्या नसत्या. एक मोकळे मैदान तेवढे वाढले असते. दरबाराने तसे केले नाही. माधवरावांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. ती पुढे किल्ल्यावर आली आणि गोऱ्या शिपायांच्या बराकींत तिचा संसार थाटला गेला. १९३३ साली तिला पब्लिक स्कूलचे रूप आले, एफ. जी. पिअर्स हे शिक्षणतज्ज्ञ तिचे प्राचार्य झाले, सरदारपुत्रांपुरते असलेले दार इतरांनाही उघडले गेले, आणि 'सिंदिया स्कूल' हे नाव देशभर झाले. उंच छत, रुंद व्हरांडे, आरपार वारा : आजारी शिपायासाठी केलेली योजना विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला अगदी जुळून आली. शाळेत जाणारी मुले बहुतांशी खालच्या लष्करातील नव्हती, ती श्रीमंतांची होती, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ती खोटी नाही. आमच्यासारख्यांना त्या इमारती जशा गोऱ्यांच्या काळी बाहेरून पाहाव्या लागत, तशाच पुढेही पाहाव्या लागल्या.

उरलेल्या किल्ल्याची काळजी घेण्याचे काम एका मराठी माणसाच्या वाट्याला आले. संस्थानाने १९१३ साली पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि मो. ब. गर्दे यांनी ते अनेक वर्षे सांभाळले. गूजरी महालात त्यांनी संग्रहालय उभे केले; ते १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, म्हणजे आपल्या ग्रंथालयाचे जवळजवळ समवयस्कच. सुट्या झालेल्या मूर्ती, भंगलेले स्तंभ, शिलालेखांचे तुकडे गर्दे यांनी संस्थानभरातून गोळा केले आणि त्यांच्यावर नोंदी लिहिल्या. ज्यांनी पाडले त्यांनी यादी केली नव्हती. ज्यांनी वेचले त्यांनी केली. आपल्या सभासदांपैकी कोणास या विषयात पुढे जावयाचे असेल, तर त्यांनी गर्दे यांच्या वार्षिक अहवालांपासून आरंभ करावा. ते कोरडे आहेत, पण गूजरी महालातील एखाद्या मूर्तीसमोर उभे राहून वाचले की कोरडे वाटत नाहीत.

अलीकडे पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी किल्ल्यावर गेलो होतो. तेलीच्या मंदिरापाशी उभे राहून हा सारा वृत्तान्त त्यांना सांगितला. एका मुलीने विचारले, "सर, मग हा वारसा कोणाचा म्हणायचा?" मला झटकन उत्तर देता आले नाही. मी शाळेच्या फाटकाकडे बोट दाखविले आणि तिला तेथील वसतिगृहांची नावे सांगितली. राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी. आणि लहान मुलांच्या एका वसतिगृहाचे नाव 'कण्हेरखेड'. सातारा जिल्ह्यातील ते खेडे, जेथून शिंद्यांचे घराणे निघाले. त्या मुलीचे पूर्वजही तिकडचेच निघाले, पण तिने ते गाव कधी पाहिले नव्हते. तिने नाव वहीत लिहून घेतले आणि विचारले, "येथून किती लांब असेल हो?"